डोळ्याखालचा भोवरा

घोड्याची खरी परीक्षा त्याच्या पायांवरून होते, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. मी जनावरांची डॉक्टर. पुण्यातल्या कितीतरी मालकांनी माझ्या शब्दावर शर्यतीचे घोडे घेतले आणि सोडलेही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता एक घोडी स्वतःसाठी निवडायची. एवढं कळतं आपल्याला, मग घाबरायचं कशाला?

लिलावाच्या सकाळी ती मला दिसली. दोन वर्षांची, तांबूस, छाती भरदार. चालवून पाहिली, गुडघे चाचपले, श्वास ऐकला. कुठे म्हणून खोट नव्हती. अर्ध्या वाट्याची भागीदार होती माझी शाळेपासूनची मैत्रीण, सदाशिव पेठेत जिचा दातांचा दवाखाना आहे. तीही खूश होती. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रेनरने सहज विचारलं, "डोळ्याखालचा भोवरा बघितलात ना? आसूढाळ म्हणतात त्याला. अशी घोडी मालकाला रडवते."

केसांचं एवढंसं वळण ते! पण मैत्रिणीचा चेहरा उतरला.

"माझा विश्वास नाही गं असल्यावर," ती म्हणाली, "पण उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"तू पेशंटचे दात बघतेस की डोक्यावरचे भोवरे मोजतेस?"

"तू घे हवी तर. मी नाही."

झालं. भागीदारी तबेल्याच्या दारातच मोडली आणि माझी ऐपत निम्म्यावर आली. मला तिचा सणकून राग आला.

बाबा माझ्याबरोबर आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. तरुणपणी विदर्भातून पुण्यात आले, कारखान्यात राबले आणि मला शिकवलं. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी घोडीच्या कपाळावरून हात फिरवला. मग त्यांनी आजोबांची आठवण काढली. आजोबा गावच्या पाटलाच्या घोडीसाठी गवत कापायचे. पण सकाळी पाटील घोडीवरून निघाला आणि आजोबा समोर दिसले, की अपशकुन झाला म्हणून तो घोडी माघारी वळवायचा. त्यांनी कापलेलं गवत चालायचं, त्यांचं तोंड चालायचं नाही.

"त्यायच्या तोंडावर तर भोवराबी नव्हता," बाबा म्हणाले. "तुले आवडली ना? मग काहून थांबतेस?"

आमच्या घराण्यात आजवर कुणी घोडा विकत घेतला नव्हता. आता मला हीच घोडी हवी होती, दुसरी फुकट दिली असती तरी नको होती.

बोली सुरू झाली. भोवऱ्याने बहुतेकांचे हात आधीच खाली ठेवले होते. पुढच्या रांगेतला पांढऱ्या हॅटवाला एक गृहस्थ मात्र मागे हटेना. मी हात वर केला की तोही करायचा. माझ्या ऐपतीचं टोक आलं. मी शेवटचा हात वर केला, तोसुद्धा अगदी ऐटीत, जणू घरात अजून पैशांची पोती भरलेली आहेत. गृहस्थ हात उचलणार इतक्यात मागून कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट टेकवून दाखवलं. त्याने हात खाली घेतला. हातोडा पडला. मैत्रिणीला ज्याने पळवून लावलं, त्या भोवऱ्यानेच घोडी माझ्या पदरात टाकली.

"मालक म्हणून कुणाचं नाव लिहू?" लिलावाचा कारकून येऊन विचारू लागला.

मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. मधलं नाव आजोबांचं. ते सावकाश, चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भर मंडपात ते हुंदके देऊन रडू लागले. मलाही भरून आलं. बोली बघायला थांबलेली मैत्रीण मागच्या रांगेतून पुढे वाकली.

"बघ. रडवलंच ना मालकाला?"

"हो," मी डोळे पुसत म्हटलं. "घोडी गुणाची आहे."