नऊ दिवस उघडी राहिलेली फट

धाराशिवच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची खोली आहे. खोलीच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी आम्हाला सांगितलेलं सगळं त्यात आहे. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी उसाच्या फडात कुणाला उभं केलं, कुणाला कुठल्या मुकादमानं मारलं. इंटरनेटवर लोकांना दिसणाऱ्या आमच्या पानावर नावं नाहीत. नावं आतल्या, पासवर्डच्या विभागात, कारण उद्या तक्रार द्यायची तर निनावी कागद कुणी हातात धरत नाही.

हे सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर ठेवू, सोपं पडेल, असं बैठकीत दोघंतिघं म्हणाले होते. मी उभी राहून अर्धा तास बोलले. या बायकांचं दुःख परक्याच्या गोदामात ठेवायचं नाही. मशीन आपलं, किल्ली आपली. टाळ्या पडल्या, आणि मशीन सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आलं.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं होतं. पण ते लिहिणारी माणसं त्यातल्या चुका शोधत असतात, दुरुस्त करत असतात, आणि ती दुरुस्ती आमच्या खोलीत आपोआप चालत येत नाही. ती निघाल्याची बातमी मेलवर येते. बातमी वाचायची, आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची, मग दुरुस्ती बसवायची. पहिले काही महिने मी दात घासायच्या आधी मेल बघायची. इंग्रजीतला शब्द अडला की डिक्शनरी उघडून बसायची. बहुतेक वेळा निघायचं काय, तर कुठल्यातरी बटणाचा रंग बदललाय. शेवटी कंटाळून मी त्या मेल वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय केली. रविवारी एकदम वाचू म्हटलं. मग फडावरच्या भेटी सुरू झाल्या आणि एक रविवार तसाच गेला.

त्या दिवशी मी तुळजापुरात होते. लॉजमध्ये खोल्या झाडणाऱ्या बायकांची दुपारी बैठक होती, ती संपवून स्टँडवर चहा घेत होते. सोलापूरच्या मित्राचा फोन आला. तो कॉम्प्युटरचंच काम करतो.

"तुमच्या पानाच्या तळाशी जो आकडा लिहिलाय, तो खरा आहे का गं?"

"खरा म्हणजे? आम्ही खोटं छापतो का?"

"मग अवघड आहे. त्या आकड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डशिवाय आत जाता येतं. नऊ दिवस झाले बातमी येऊन."

तो आकडा मीच लिहिला होता. आमच्या घरात पत्रकं लिहिली जायची, वाळत पडायची, आम्ही भावंडं घड्या घालायचो. वडील प्रत्येक पत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं आणि छापखान्याचं नाव घालायचेच. तळाशी नाव नसलेला कागद भित्र्याचा, असं ते म्हणायचे. म्हणून मी आमच्या पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरचं नाव आणि कितवी आवृत्ती, तेही मोठ्या अक्षरात घातलं होतं. कुठल्या दाराला कुठलं कुलूप आहे, ते मी अभिमानानं दारावरच लिहून ठेवलं होतं.

चहा तसाच राहिला. मी खोलीवर फोन लावला. तिथं दुपारी मावशी बसतात. त्यांनी स्वतः वीस हंगाम कोयता चालवला आहे.

"मावशी, कोपऱ्यातल्या मशीनच्या वायरी काढा."

"कंच्या? तू कागद चिकटवलाय त्या मशीनच्या?"

"हो, त्याच्याच."

"त्यावर लिवलंय, हात लावू नये. खाली तुझी सही हाय."

"आता मीच सांगतेय ना."

"परवा नुसतं फडकं मारलं तर दोन दिवस बोलली न्हाईस माझ्याशी."

"मावशी, पाया पडते तुमच्या."

"पाया कशाला पडतीस? पांढरी का काळी, तेवढं सांग."

"दोन्ही."

फोनमध्ये खुडबुड ऐकू आली. "काढल्या. घरघर थांबली बघ. मेलं का काय ते?"

एसटीत मला बसायला जागा मिळाली तरी मी दाराजवळ उभीच राहिले. डोक्यात एकच बाई होती. तिनं मुकादमाचं नाव घेऊन सगळं सांगितलं होतं, आमची तक्रार तिच्याच जबानीवर उभी राहणार होती. ते मुकादमाच्या हाती लागलं तर पुढच्या हंगामाला तिला आणि तिच्या नवऱ्याला कुठलीच टोळी घेणार नाही.

खोलीवर पोचून मी मशीन इंटरनेटला न जोडता चालू केलं आणि कोण आलं-गेलं याची नोंद उघडली. अनोळखी ठिकाणांहून कितीतरी जणांनी दार ढकलून पाहिलं होतं. आत कुणी शिरल्याचं दिसत नव्हतं. पण नोंद सातच दिवसांची होती. जागा वाचावी म्हणून त्याआधीची आपोआप पुसली जाईल, असं मीच करून ठेवलं होतं. पहिल्या दोन दिवसांचं काहीच कळायला मार्ग नव्हता.

मी दुरुस्ती बसवली, तळाचा आकडा काढला. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "झालंच असेल कशावरून? बायकांना उगाच कशाला घाबरवायचं?" मी म्हटलं, "सर, माहिती दडवली म्हणून आपण सरकारविरुद्ध किती पत्रकं काढली?" म्हणताना माझा आवाज चढला होता. पण मलाही त्यांचंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ढोकीच्या अलीकडं, रस्त्याकडेला त्या बाईच्या खोपीवर गेले. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तवा उतरवला.

"मुकादमानं वाचलं का न्हाय, हे कळंल कसं?"

"मशीनवरून नाही कळणार."

"म्हंजी पुढल्या साली टोळीत घेतलं न्हाय, तर कळंल."

तिनं परात बाजूला सारली.

"बातमी आली तवा तू काय करत हुतीस?"

"वाचली नाही. राहून गेली."

"आमाला म्हनली हुतीस, किल्ली आपली." ती चिडली नव्हती. पीठ झटकत म्हणाली, "माझं काढ त्यातनं. नाव बी, बोललेलं बी."

"सगळं? मग तक्रार..."

"सगळं. अन् त्याच्या परती काढून ठेवल्या असतील, त्यातनं बी."

तिला प्रतींचं कुणी सांगितलं होतं? मीच, पहिल्या भेटीत, विश्वास बसावा म्हणून. तीन ठिकाणच्या प्रती काढून तिचं बोलणं एकेका जागेवरून पुसायला मला पूर्ण दिवस लागला. शेवटच्या वेळी पुसण्याआधी मी ते वाचलं नाही. वाचायचा हक्क आता मला नव्हता.

तक्रार अजून दिलेली नाही. मेलचा कप्पा मी मोडून टाकला, सकाळी पहिलं तेच वाचते, आणि मी गावाला गेले तर कुणी वाचायचं हे बैठकीत ठरलं आहे. आता जून चालू आहे. टोळ्या दसऱ्याच्या पुढंमागं ठरतात.