तय्यब पेंटरचे एकाहत्तर मार्क

लातुरात बारावीच्या पोरांचे मार्क त्यांच्या मावश्या-आत्यांच्या आधी तय्यब पेंटरला कळत. निकाल लागला की क्लासवाले सर यादी घेऊन त्याच्या दारात उभे. पिवळी भिंत, लाल अक्षरं, नावापुढे टक्के आणि सगळ्यांच्या वर, बारा फुटांवर, ठरलेली ओळ: ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. अक्षर असं की धावत्या रिक्षातल्या माणसालाही सहज वाचता यावं. एका साली हदगावची एक हुशार मुलगी तीन क्लासच्या भिंतींवर निघाली. तय्यबनं तिन्ही ठिकाणी तिचं नाव सारख्याच मायेनं लिहिलं. तिला खरं शिकवलं कुणी, हे विचारणं पेंटरचं काम नव्हतं.

हे सगळं तो दीड हातानं करायचा. भूकंपाच्या साली तो सत्तावीस वर्षांचा होता. निलंग्याकडच्या एका गावात गणेश मंडळाचा विसर्जनाचा फलक रंगवायला गेला, मुक्कामाला तिथंच राहिला आणि पहाटे माळवदाचं लाकूड उजव्या खांद्यावर आलं. गावंच्या गावं मातीखाली होती. आपल्या खांद्याबद्दल बोलायची तय्यबला लाज वाटली. एका पहिलवानानं हाड बसवलं. ते बसलं, पण आपल्या सोयीनं बसलं. त्यानंतरचं त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे पुनर्वसनाच्या घरांवर नंबर टाकणं. घरांचे नंबर संपले तोवर शहरात पोरांचे नंबर सुरू झाले. उजव्या कोपराखाली डाव्या हाताची मूठ द्यायची आणि हात वर ढकलायचा, ही त्याची लिहायची रीत. शिकाऊ पेंटरांना वाटायचं, चांगल्या अक्षरासाठी असंच धरावं लागतं. दोघांनी तर तशी सवयही लावून घेतली.

मग फ्लेक्स आले आणि तय्यब रिकामा झाला. त्याच्या बावन्नाव्या वर्षी शहरात फ्लेक्स उतरवायची मोहीम निघाली आणि क्लासवाल्या सुदर्शन सरांना जुना पेंटर आठवला. पण तोवर खांदा झिजून मूठ दिली तरी हात छातीच्या वर जाईना.

“तय्यबभाई, पुढच्या निकालाला मोठी भिंत तुमची,” सर म्हणाले. “पण वरची ओळ तुमच्याच हातची पाहिजे. न्हाई तर यासेर हायच.”

यासेर म्हणजे तय्यबचा पुतण्या. त्याचं अक्षर वाईट नव्हतं. पण त्याचा ‘श’ पाहिला की तय्यबला दात दुखल्यासारखं व्हायचं. ती भिंत यासेरला जाऊ द्यायची नव्हती. तो बायकोला, शहजादीला, घेऊन नांदेडला हाडांच्या डॉक्टरकडे गेला. टेबलावरची पाटी वाचून तो उभाच राहिला.

“वर्षाराणी? हदगावच्या? बाई, तुम्हाला मी तीनदा लिहिलंय!”

डॉक्टरबाई हसल्या. “त्यातल्या दोन क्लासचा जिनासुद्धा मी चढले नव्हते, चाचा.”

त्यांनी प्लॅस्टिकचा सांगाडा पुढे ओढला. माणसाच्या खांद्यात फऱ्याला, म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाला, वाटी असते आणि दंडाच्या हाडाला गोळा. हात उचलणारे आतले स्नायू पार फाटले असतील, तर नवा सांधा उलटा बसवतात. गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. मग वरचा धडधाकट स्नायू एकटाच हात उचलतो.

“दुखणं बहुतेक जाईल. हात वर जाईल. मागं, पाठीकडं, नीट जाईल याची खात्री नाही. जड उचलायचं नाही. आणि एक अडचण आहे. तुम्ही तरुण आहात.”

शहजादीनं पदर तोंडाला लावला. “तौबा! घरी नातू चालून राहिला, अन् हे तरुण!”

“या सांध्यासाठी तरुणच. हा सत्तरीतल्या माणसांसाठी. ते तो देवघरातल्या समईसारखा जपतात. तुमच्या वयाचा माणूस त्याला कामाला जुंपतो. शंभरातल्या नव्वदेकांचा दहा वर्षं टिकतो. पुढचं पक्कं कुणी सांगत नाही. कदाचित पुन्हा उघडावा लागेल.”

लातुरात हे ऐकून सुदर्शन सर कळवळले. “राहिलेले दहा लोक कशाला सांगायचे? हिला पेशंट मिळतात तरी कसे?”

तय्यबनं ऑपरेशन करून घेतलं. सहा आठवडे हात झोळीत. मग व्यायाम. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. जन्मभर भिंतीशीच गाठ, त्यामुळे हे त्याला आवडलं. रोज जिथवर बोट पोचे तिथं तो पेन्सिलीची बारीक रेघ मारी. शहजादी म्हणे, “घराला उंदरानं कुरतडल्यासारखं दिसून राहिलंय.” पण पाहुण्यांना ती रेघा आवर्जून दाखवी.

वर्षानं डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्यांचा एक छापील कागद होता. दुखतं किती? केस विंचरता येतात? फळीवरचा डबा काढता येतो? शर्ट मागून खोचता येतो? त्या कुशीवर झोप लागते? उत्तरांचे मार्क, एकूण शंभर.

ज्या बाईनं हात दिला तिला कमी मार्क देणं तय्यबला बेअदबी वाटली. शिवाय शंभराखालचा निकाल वर लिहायचा असतो, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

“सगळं फर्स्ट क्लास, बाई. शंभर लिहा.”

“खोचा बरं शर्ट.”

हात कमरेच्या कडेपर्यंत गेला आणि सरकारी गाडीसारखा तिथंच थांबला.

“अजी, पाठ तर मी खाजवते तुमची!” शहजादी बोलून गेली. “अन् त्या कुशीवर झोपतात कुठं?”

बाईंनी पेन खाली ठेवला. “चाचा, हे मार्क माझे नाहीत आणि तुमचेही नाहीत. या सांध्याचे आहेत. पन्नाशीतली माणसं माझ्याकडे मोजकीच. तुम्ही शंभर सांगितले, तर पुढच्या माणसाला मी शंभर सांगेन आणि तो दुसऱ्या महिन्यात पोतं उचलेल.” मग म्हणाल्या, “माझं नाव तीन भिंतींवर होतं. आमच्या बॅचला तीनशे पोरं होती. बाकीची कुठल्या भिंतीवर लिहिली तुम्ही?”

तय्यबनं एकेक उत्तर खरं सांगितलं. कागद पुन्हा पहिल्यापासून भरला. बेरीज झाली एकाहत्तर.

लातूरला परतताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. “पहिला वर्ग की वो,” शहजादी म्हणाली. अहमदपूरला तो चहा प्यायला उतरला. म्हणजे राग गेला.

निकाल लागला. सुदर्शन सर भिंतीखाली उभे होते, यासेर शिडी धरून.

“खांदा शंभर टक्के ना, तय्यबभाई?”

“एकाहत्तर.”

“एकाहत्तरवाल्याला मी बॅचमध्येसुद्धा घेत न्हाई!”

“तुम्ही घेत न्हाई म्हणून तर ती पोरं भिंतीवर न्हाईत, सर. यासेर, शिडी लाव.”

तो चढला. पूर्वी वरची ओळ एका सकाळीत व्हायची, आता दोन लागल्या. दोन अक्षरं झाली की उतरायचं, हात मांडीवर ठेवायचा, पुन्हा चढायचं. पण उजवा हात एकटा वर गेला. कोपराखाली मूठ नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डावा हात मोकळा होता. त्याचं काय करावं हे तय्यबला सुचेना, म्हणून त्यानं त्यात रंगाचा डबा धरला. यासेर खालून ‘श’ कसा वळतो ते पाहत होता.

ओळ तीच होती: ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. सरांनी सांगितली, तय्यबनं लिहिली. पण तळाच्या कोपऱ्यात, जिथं तो नेहमी सही करायचा, तिथं त्यानं लिहिलं: ‘तय्यब पेंटर, ७१’.

आठवड्यात निलंग्याकडचे महादेवप्पा नावाचे एक गृहस्थ मुलीचं नाव घालायला आले. सरांच्या टेबलासमोर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “सर, भिंतीवरचे बाकीचे आकडे लई मोठे हायत. ते खालचे एकाहत्तर कुणाचे? आमच्या पोरीला त्याच्याच मास्तरकडं बसवावं म्हणतो.”

सरांनी यासेरला तो कोपरा पुसायला पाठवलं. यासेर गेला आणि सहीला हात न लावता भोवतीचं पिवळं धुळीनं मळलं होतं तेवढं पुन्हा रंगवून आला.