आपल्या तालमीचा पंच

‘निःपक्षपाती’ हा शब्द माझ्याबद्दल कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. आणि लोक तो उच्चारायचं काही सोडत नाहीत. शाळेतून निवृत्त झालो तेव्हाच्या भाषणात तो तीनदा आला. परवा एका लग्नाच्या पंगतीत वरपित्याने माझी ओळख करून दिली ती अशी, की हेच ते मास्तर, ज्यांनी भर मैदानात आपल्याच तालमीच्या पैलवानाविरुद्ध निकाल दिला. शेजारची दोन माणसं जेवायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. त्यांना वाटलं, मास्तर विनयशील आहेत. खरं म्हणजे मला समोरचं पान भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

तो निकाल चुकीचा होता. नजरचुकीने चुकला असता तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी डोळ्यांनी बघितलं एक आणि हाताने केलं दुसरं.

महाराजांच्या राज्यातली ही गोष्ट. प्लेगची पहिली वर्षं सरली होती, रानात झोपड्या करून राहिलेली माणसं घरी परतली होती, आणि कोल्हापुरात कुस्तीला असे दिवस आले होते की ज्याच्या दारात म्हैस तो मुलाला तालमीत पाठवायचाच. खुद्द महाराज मातीचे शौकीन. चांगला गडी दिसला की दरबारच्या तालमीत त्याची सोय व्हायची. राहायला जागा, दूध, तूप, बदाम आणि शिकवायला नामांकित वस्ताद. गरिबाच्या मुलाला ती जागा मिळाली की त्याचा जन्म मार्गी लागला.

मी मराठी शाळेत मास्तर होतो. त्याआधी विशीत आमच्या पेठेतल्या तालमीत घुमलो होतो. गुडघा निखळला तेव्हा लंगोट खुंटीला टांगला, पण मातीची ओढ सुटेना, म्हणून मैदानांत पंच म्हणून उभा राहायला लागलो. मी रागीट खरा, पण माझा राग सगळ्यांना सारखाच मिळतो, अशी माझी ख्याती होती. वर्गात मी मुलांना सांगायचो, निवाडा करायला बसताना माया आणि राग दोन्ही चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवावेत. हे वाक्य मला फार आवडायचं. वर्षातून चार वेळा तरी मी ते म्हणायचो.

आमच्या गल्लीत एक पिंजारी राहायचा. घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. खांद्यावर ती भली मोठी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि मागे खोकला. त्या धंद्यात कापसाची तूस छातीत बसते, चाळिशीच्या आतच माणूस जिना चढताना थांबतो. त्याचा थोरला मुलगा आमच्या तालमीत वाढला. मोहरमात तालमीत पिराचा पंजा बसायचा तेव्हा बाप-लेक पुढे असायचे आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. मुलगा बाविशीचा झाला होता, छाती अशी की दारातून आडवं होऊन यावं लागे. पहिले डाव त्याला मी शिकवले. माझ्या लंगड्या गुडघ्याची थट्टा करायची मुभा अख्ख्या पेठेत त्याला एकट्याला होती.

त्या उन्हाळ्यात पंचगंगेच्या अलीकडे एक मोठं मैदान भरलं. आमच्या गड्याची जोड मुरगूडकडच्या एका पैलवानाशी लागली. तालमी बघणाऱ्या दरबारी अधिकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जागा एकच आहे, या दोघांत जो जिंकेल त्याला आत घेऊ. हरलेला घरी जाणार. मुरगूडच्या गड्याच्या घरी ऊस होता, जमीन होती. आमच्या गड्याच्या घरी ती कमान होती आणि ती आता बापाला पेलत नव्हती.

कुस्तीचा नेमलेला पंच परगावचा होता, तो सकाळीच तापाने पडला. मैदानवाले माझ्या दारात आले. मी म्हणालो, एक गडी आमच्या तालमीचा आहे, मला कसं जमेल. ते म्हणाले, दुसरा कुणी असता तर आलोच नसतो, पण मास्तर म्हणजे मास्तर. एवढ्याने मी फुगलो. वर आणखी मुरगूडच्या मंडळींनी माझ्या नावाला हरकत घेतली नाही, हे ऐकून तर मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मी फेटा बांधत असताना बायकोने विचारलं, का जाताय. तिने त्या मुलाला हातची भाकरी घातली होती. मी तिला तेच वर्गातलं वाक्य ऐकवलं, माया घरी ठेवून जातोय म्हणालो. तिने तवा खाली ठेवला.

‘‘माया घरी राहायची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ती येणारच तुमच्याबरोबर. आहे म्हणालात तर तोंड दाखवून येईल, घरी ठेवली म्हणालात तर तोंड लपवून येईल.’’

मला तिचा राग आला. बाईमाणसाला कुस्तीतलं काय कळतं, असंही मी बोललो. चप्पल घालून निघालो.

हौद्यात उतरलो तेव्हा तांबडी माती तेल-ताकाने मळून लोण्यासारखी मऊ केलेली होती. हलग्या वाजत होत्या. दोघांनी सलामी दिली आणि कुस्ती लागली. अर्धा तास कुणी कुणाला दाद देईना. दोघांच्या अंगावर इतकी माती चढली की पाठ बघून निकाल सांगावा अशी सोय उरली नाही, पंचाच्या डोळ्यावरच सगळं.

मग आमच्या गड्याने ढाक मारली. समोरच्याची मान काखेत धरून त्याला कमरेवरून उलटा टाकायचा हा डाव, मीच शिकवलेला. मुरगूडचा गडी हवेतून फिरून खाली आला आणि त्याचे दोन्ही खांदे मातीला लागले. मी चार हातांच्या अंतरावर वाकून बघत होतो. दोन्ही खांदे लागले, मध्ये बोट घालायला जागा नव्हती. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागले आणि मग तो उसळून पोटावर वळला.

माझ्या छातीत आनंदाचा असा उमाळा आला की हात आपोआप वर निघाला होता. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. कारण त्याच क्षणी मी स्वतःला विचारलं, हा आनंद कुठून आला. तुला दिसलं म्हणून आनंद झाला, की आनंद हवा होता म्हणून तुला दिसलं? आणि मला मैदान दिसायला लागलं. मुरगूडची माणसं उठून उभी होती. आता हे म्हणणार, पंच त्यांच्याच तालमीचा. मी हात खाली घेतला आणि बोटाने खूण केली, चालू ठेवा.

आमचा गडी उठून उभा राहिला होता. त्याला कुस्ती झाली असंच वाटत होतं. माझी खूण बघून तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग कडेला आमचे वस्ताद आणि तालमीची माणसं होती त्यांच्याकडे वळून त्याने हात हलवला. मी मनात म्हणालो, घ्या, मिरवायला लागला. तेवढ्यात मुरगूडच्या गड्याने मागून पाय धरून पट काढला, त्याला उचलला आणि सगळ्या मैदानाला दिसेल असा चीत केला. या वेळी शंका घ्यायला जागाच नव्हती. मी मुरगूडच्या गड्याचा हात वर केला.

मैदानाने माझा जयजयकार केला. मुरगूडच्या लोकांनी मला फेटा बांधला. मी तो बांधून घेतला.

अजून एक संधी होती, हे मला जास्त खातं. कुस्त्या संपल्यावर ते दरबारी अधिकारी मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, मला लांबून वाटलं की आधी त्या मुरगूडवाल्याची पाठ लागली होती, तुमची खात्री आहे ना मास्तर? त्यांनी माझ्या तोंडात उत्तर दिलं होतं. नुसतं ‘घोटाळा झाला, पुन्हा लावा’ म्हटलं असतं तरी पुढच्या आठवड्यात कुस्ती पुन्हा लागली असती. आणि माझ्या डोक्यावर तो फेटा होता. मी म्हणालो, खात्री आहे.

इथे माया कुठे होती? मायेला मी कधीच हाकलून दिलं होतं. लोक काय म्हणतील याची भीती, आणि भीतीहून मोठा माझा गर्व, हे दोघे मात्र हौद्यात माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांना मी न्यायबुद्धी म्हणत होतो. भावना बाजूला ठेवल्या म्हणणाऱ्या माणसाचा मला आता संशय येतो. त्याने एक दाराबाहेर ठेवलेली असते आणि दुसरी तो घालून आलेला असतो. त्या क्षणी छातीत जे उसळलं ते खरं होतं, ते डोळ्यांनी बघितल्यामुळेच उसळलं होतं. त्याचं ऐकायचं सोडून मी गर्दीचं ऐकलं. आणि हे समजायला मला म्हातारपण यावं लागलं, याची चीड जात नाही.

घरी बायकोने त्या फेट्याकडे बघितलं आणि पानं मांडली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढे त्या वर्षातच पिंजाऱ्याने अंथरूण धरलं आणि मुलाने कमान खांद्यावर घेतली. तालीम सुटली. तो दर वर्षी आमच्या गाद्या पिंजायला यायचा. तात वाजायला लागली की मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो. त्याच्याशी बोलायचो ते पावसापाण्याचं. तो पूर्वीसारखीच गुडघ्याची विचारपूस करायचा, थट्टा मात्र करत नसे.

नऊ वर्षं अशी गेली. नवव्या वर्षी तो अंगणात बसून कापूस पिंजत होता, कापसाने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि मधूनमधून बापासारखा खोकत होता. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ आपल्या पाहुण्याला घेऊन आले. पाहुण्याला त्यांनी माझी थोरवी सांगायला सुरुवात केली. त्यांना हे माहीतच नव्हतं की ज्याच्या विरुद्ध निकाल दिला तो तीन हातांच्या अंतरावर बसलाय. सांगता सांगता म्हणाले, असा निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. मी इतक्या मोठ्याने ‘पुरे’ म्हणालो की पाहुणा एक पाऊल मागे सरला. दोघे निघून गेले.

मग मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. तुझी ढाक बसली होती. दोन्ही खांदे लागले होते. मी बघितलं होतं आणि तरी हात वर केला नाही.

तात वाजायची थांबली. त्याने वर बघितलं. मला वाटलं होतं, त्याला हे माहीत असणारच, त्याच्या अंगाखालीच तर तो गडी पडला होता. फार तर शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला त्याच्याकडे बघवेना.

‘‘लागलं हुतं खांदं?’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटायचं, न्हाई लागलं. नऊ वर्सं त्योच डाव डोळ्यापुढं येतोय. कुटं कमी पडलो, कंबर कुटं चुकली, ह्येच बघतोय मी.’’

मी विचारलं, खालचा गडी चीत झालेला तुला कळला नाही का? आणि आपल्या तालमीतलं कुणी ओरडलं कसं नाही?

‘‘तवा मला कळल्यालं की. समद्यास्नी दिसल्यालं. वस्ताद तर उठून हौद्यात याय लागलं हुतं, कुस्ती थांबवाय. परका पंच असता तर मैदान मोडलं असतं आमी.’’ तो खोकला, आणि ओठांवरची तूस पुसली. ‘‘मीच त्यास्नी हात करून खाली बसवलं. म्हटलं, वस्ताद, पंच आपला मास्तर हाय. त्येला न्हाई दिसलं म्हंजी झालंच नसंल.’’

आणि मी नऊ वर्षं लोकांना सांगत आलो होतो की पोरगं हात हलवून मिरवायला गेलं, म्हणून हरलं.