दारावरची पट्टी

आमचे हे फुटबॉल क्लबमध्ये जर्सी आणि बूट सांभाळतात. सव्वीस वर्षं झाली. गॅलरीच्या पायऱ्यांखालच्या दोन खोल्या क्लबनेच दिलेल्या, तिथेच आमचा संसार. मॅच असली की डोक्यावर हजारो माणसं नाचतात आणि फडताळात माझ्या कपबशा थरथरतात.

आणखी एक काम यांच्या गळ्यात आपसूक पडलंय. खेळाडूला काढलं की त्याच्या खुंटीवरची नावाची पट्टी हेच काढतात, नवी छापून लावतातही हेच. मॅनेजरला काढलं की त्याच्या दारावरची. असे अकरा मॅनेजर गेले. सगळ्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. मी म्हणते, "टाका ना त्या मेल्या." हे म्हणतात, "असू दे, माणसाचं नाव आहे."

संघ लागोपाठ दोनदा खालच्या गटात घसरला, तेव्हा बारावा आला. तरुण, गोडबोल्या. यांना काका म्हणायचा, गुडघ्याची चौकशी करायचा. आधीच्या अकरांत एकानेही केली नव्हती, म्हणून तर माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने भिंतीवर पाच वर्षांचा आराखडा लावला. कोण कधी जाणार, कोण येणार, कुठे काय बांधणार, सगळं त्यात. पहिल्याच महिन्यात नऊ खुंट्या रिकाम्या झाल्या.

हे मात्र खुशीत. "अगं, पहिल्यांदाच कुणीतरी पुढचा विचार करतंय."

"त्या पुढच्यात आपण आहोत का, ते बघितलंत?"

"मी काय खेळाडू आहे, मला काढायला?"

मी कपाळाला हात लावला.

एका मंगळवारी मॅनेजर आमच्या दारात उभा. "काका, या खोल्यांची मापं घेऊन द्याल? तुमच्याइतकं नेमकं कोण घेणार?"

यांना वाटलं, भिंतींना ओल आलीय, गिलावा करणार असेल. पलंग ओढला, फडताळ सरकवलं, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. कोनाड्याचं मापसुद्धा सोडलं नाही.

"गिलाव्याला कोनाड्याची खोली कशाला लागते हो?"

"तुझं आपलं नसतंच काहीतरी."

आठ दिवसांनी छापायच्या पट्ट्यांची यादी आली. तिसरी ओळ वाचून हे खालीच बसले. 'बर्फाच्या टबांची खोली.' मॅचनंतर खेळाडूंनी दुखरे पाय बुडवून बसायला. सोबत नकाशा, त्यावर यांच्याच अक्षरातली मापं. महिनाअखेर आम्ही खोल्या सोडायच्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "छापू नका. जाऊन सांगा त्याला, की मी नाही छापणार."

यांनी पट्टी छापली. संध्याकाळी स्टुलावर चढले आणि नवी लावण्याआधी जुनी काढायला सवयीने दारावर हात फिरवला. दोनदा फिरवला. सव्वीस वर्षांत आमच्या दारावर आमचं नाव लावायचं यांना कधी सुचलंच नव्हतं.

"काढायला काहीच नाही गं," म्हणाले.

मी खाली स्टूल धरून उभी होते.