पाठीची माती

पाण्यात पहिली लाथ नाकावर बसली तेव्हा खरं तर मला बरं वाटलं. धुळ्याबाहेरच्या तलावावर भोंगा वाजला होता आणि आम्ही सगळे, बाया-माणसं, एकदमच पाण्यात घुसलो होतो. काठावरून बघणाऱ्याला ते पोहणं वाटतं. आत मारामारी असते. कोणाचं कोपर बरगडीत, कोणाचं नख गालावर, आणि मागचा तुमच्या पाठीवर चढूनच पुढे जायला बघतो. पिवळ्या टोपीच्या एका दांडग्याने माझं डोकं धरून सरळ पाण्याखाली दाबलं. मी त्याचा घोटा पकडला आणि मागे खेचला. तो पाणी गिळून खोकत बाजूला झाला, मी त्याच्या अंगावरून गेले. नाकातलं रक्त घशात उतरत होतं. तेव्हा जी मजा आली ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही, पण आली.

चाळिशी उलटलेली, शाळकरी मुलीची आई असलेली बाई जळगावात पहाटे सायकल हाणताना दिसली की लोक विचारतात, वजन कमी करताय का? नाही. मला कोणाशी तरी झुंजायचं असतं, आणि ट्रायथलॉनमध्ये ते रीतसर करता येतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. एक नियम मी घरच्यांना पुन्हा पुन्हा बजावला होता. बाहेरच्या कोणीही मला हात लावायचा नाही, मदतीलासुद्धा नाही. कोणी धरून मार्गाबाहेर नेलं की मी बाद.

घरचे म्हणजे माझी लेक, भाऊ आणि आबा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. भाऊ आणि आबा, माझे वडील, भडगावजवळच्या आमच्या गावाहून गाडी करून आले होते आणि येताना डफडं घेऊन आले होते. दोघेही पहिलवान. आबांनी त्यांच्या काळात गिरणाकाठच्या सगळ्या यात्रा गाजवलेल्या. आता पंचाहत्तरी गाठली तरी मनगट तसंच. आमच्याकडे शर्यतीला ओरडायची एकच पद्धत माहीत आहे, ती आखाड्याची. बाकीची कुटुंबं रंगीत पाट्या हलवून टाळ्या वाजवत होती. आमचं डफडं तडतडत होतं आणि भाऊ बोंबलत होता, "दाब त्याले! सोडू नको! पाड!" आयोजकांपैकी कोणीतरी येऊन जरा हळू म्हणायला लागलं, तर त्यालाच भावाने विचारलं, "मंग ही कुस्ती नही शे का?"

माझ्यापुरती होतीच. बारा-तेरा वर्षांची असताना गावच्या यात्रेत मी रेवड्यांच्या कुस्तीत उतरले होते. मोठ्या जोड्यांच्या आधी लहान पोरांना रेवड्या देऊन लढवतात, तसली. भावाची चड्डी घातली होती, केस करकचून बांधले होते. घरामागच्या मातीत मी भावाशी रोज खेळायचे, आबाच आम्हाला डाव सांगायचे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. समोर शेजारगावचा पोरगा. मी त्याला पोटावर पाडलं होतं, मानेवर गुडघा ठेवला होता, फक्त उलटा करायचा बाकी होता. तेवढ्यात मोठ्या जोड्यांना पंच असलेले आबा गर्दीतून आत आले. त्यांनी माझं मनगट धरलं. "बस व्हयनं. चाल घर." आणि भर गल्लीतून, ओट्याओट्यावरची माणसं बघत असताना, मला ओढत घरी नेलं. घरी गेल्यावर गाईचं दावं काढून मारलं. आई मध्ये पडली तर तिला म्हणाले, पोर आता मोठी झाली, कळत नही का तुले? माझ्या मागे आखाड्यात तो पोरगा जिंकला म्हणून पुकारा झाला. कारण मी आखाडा सोडला होता. दाव्याचे वळ आठवड्याभरात गेले. तो पुकारा अजून कानात आहे.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही बापलेक कधी बोललो नाही. आबांनी मला शिकवलं, चांगल्या घरी दिलं, बाळंतपणात तुपाचे डबे स्वतः आणून दिले. माझं प्रेम आहे त्यांच्यावर. रागही आहे. एकाने दुसरं कधी कमी झालं नाही.

तर मी पाण्यातून बाहेर आले. नाकातून रक्ताची धार, कपडे पुढून लाल झालेले. सायकली लावलेल्या जागेकडे पळत होते. दोरीपलीकडे डफडं जोरात होतं, लेक किंचाळत होती, "आई, चल! आई, चल!" मी बूट चढवून सायकलला हात घातला आणि माझं मनगट कोणीतरी धरलं. मान वळवायच्या आधीच मला कळलं कोण ते. अंगठा नेमका तिथेच रुतला होता.

आबा दोरीखालून आत आले होते. चेहरा पांढराफटक. "रगत निंघी ऱ्हायनं तुनं. बस व्हयनं. चाल घर."

"आबा, हात सोडा मना."

"चाल म्हनू ना!"

त्यांनी ओढलं. मी एक पाऊल गेलेसुद्धा. एकच. मग जे झालं ते मी ठरवून केलं नाही, पण चुकून झालं असंही म्हणणार नाही. मी त्यांच्या अंगात शिरले, पाय त्यांच्या पायामागे घातला आणि छातीवर खांदा दिला. बाहेरची टांग. त्यांनीच शिकवलेली. आबा मागच्या मागे पडले, उताणे, धप्पकन. धूळ उडाली. डफडं थांबलं. कोणीतरी बाई "अगं बाई!" म्हणाली. लेक तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी सायकलवर टांग टाकली आणि निघाले.

ती सायकल मी कशी मारली ते मला सांगता येणार नाही. समोरून गरम वारा, बाजूने कापसाच्या गाड्यांचे हॉर्न. एक कुत्रं अंगावर आलं, त्याच्या नाकाडावर मी बुटाची लाथ घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मोठ्याने शिव्या देत होते, कुत्र्याला, वाऱ्याला, आबांना, स्वतःला. या वयात कंबरेचं हाड मोडलं तर माणूस उठत नाही. मी बापाला मारलं, असं मी म्हणायचे, आणि पुढच्याच चढावर मनात यायचं, बरं झालं. मग पुन्हा कंबरेचं हाड. दोन्ही खरं होतं. परत फिरावं असं वाटलं, पण पाय फिरले नाहीत.

पळायला लागले तेव्हा पोटऱ्या दगड झाल्या होत्या. वळणावर लेक उभी होती. हात न लावता, दोरीच्या पलीकडून ती माझ्या बरोबरीने धावायला लागली.

"आबा उठले?" मी विचारलं.

"उठले. पाणी प्यायले."

"लागलंय कुठे?"

"कोपर सोललंय. मामा त्यांची पाठ झटकायला गेला, तर त्यांनी मामाच्या फाडकन थोबाडीत मारली." धावता धावता ती माझ्याकडे वळली. "आई, तू त्यांना पाडलंस."

"हो," मी म्हणाले. दोरीचा खांब चुकवून ती पुन्हा बरोबरीला आली. मग म्हणाली, "आता थांबू नकोस."

आबा माझ्यावरचा राग भावावर काढताहेत असंच मला वाटलं. शेवटची रेघ ओलांडली, कोणीतरी गळ्यात पदक घातलं, मी ते न बघता कडुनिंबाखाली गेले. आबा एका खोक्यावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. पांढरा सदरा मानेपासून कमरेपर्यंत मातीने भरला होता. मी समोर जायला लागले तर त्यांनी हाताने अडवलं.

"समोर नको येऊ. पाठ देख."

मी उभी राहिले.

"दोन्ही खांदा टेकनात ना?"

आखाड्यात दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपते. हे माझ्या आईलासुद्धा माहीत होतं. मी म्हणाले, "टेकनात, आबा."

"मंग?" एवढंच ते म्हणाले, आणि उठून गाडीकडे चालायला लागले. लंगडत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

पारोळ्यावरून गाव येईपर्यंत आबा गाडीत पुढे वाकून बसले होते, पाठ सीटला लागू न देता. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून कण्हणं यायचं. भाऊ गाल चोळत गाडी चालवत होता. लेकीने हळूच म्हटलं, "आबा, टेकून बसा ना." ते बसले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. गाडी दारापर्यंत जाते, तरी ते उतरले आणि चालायला लागले. संध्याकाळची वेळ, ओट्यांवर माणसं होती. नाकात कापूस खुपसलेली मी आणि लेक मागून. मधल्या ओट्यावरून त्यांच्याच वयाच्या एकाने हाक मारली, "आबा, पाठले कसानी माती ही?"

आबा थांबले. पाठ त्याच्याकडे केली, सगळ्यांना दिसेल अशी.

"मनी आंडेरनी पाडं माले. धुळ्याले. बठ्ठा लोकसना समोर."

"आंडेरनी?" म्हातारा हसायला लागला.

"हसस काय?" आबा कडाडले. "तिनी एक कुस्ती बाकी व्हती."

मग गल्लीत कोणी हसलं नाही. लेकीने मला विचारलं, आंडेर म्हणजे काय? मी सांगितलं, लेक. यापेक्षा जास्त मी बोलले नाही. बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि त्या गल्लीतून मी एकदा रडत गेले होते, तेवढं पुष्कळ होतं.