रायफलीचे दोन पाय

लष्करात पंधरा वर्षं मी हत्यारं दुरुस्त केली. बाहेर पडलो तेव्हा ठरवलं होतं, आता बंदुकीला हात लावायचा नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, नुसता वीट आला होता. बायको कुवेतच्या एका इस्पितळात नर्स होती. तिच्यामागून मीही गेलो आणि एका व्यापाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचे पंप दुरुस्त करू लागलो. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात दोन खोल्यांचा जुना फ्लॅट होता. ती ड्यूटीवरून यायची तेव्हा मी निघालेला असायचो. शुक्रवारी दोघंही निम्मा दिवस झोपून काढायचो.

एका गुरुवारी दुपारी मालक लांबट पेटी घेऊन वर्कशॉपमध्ये आला.

"तू फौजेत बंदुका बघायचास ना? माझ्या वडिलांचं एक काम आहे."

त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. ऐंशीच्या घरातले. तरुणपणी खजूर भरलेल्या जहाजांवरून मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी छान बोलायचे. हिवाळ्यात हे लोक वाळवंटात तंबू ठोकून राहत, तेव्हा रिकामे डबे मांडून त्यांवर नेम धरायचा, एवढाच म्हाताऱ्यांचा शौक उरला होता. हात थरथरू लागले, दर गोळीला बोल्टची मूठ मागंपुढं ओढणं जमेना, म्हणून मुलानं त्यांना पॉइंट टू टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन दिली. ट्रिगर दाबला की एक गोळी सुटायची आणि पुढची आपोआप चढायची. पण आता रायफलच हातात स्थिर राहत नव्हती. म्हणून मालकानं परदेशातून बायपॉड आणला होता, म्हणजे रायफलीच्या पुढच्या टोकाखाली बसवायचे दोन पाय.

तो हातात घेतल्याबरोबर मला पसंत पडला नाही. स्प्रिंगच्या चिमट्यानं थेट नळीला धरणारा होता. बारीक नळीवर असा भार आला की ती केसभर का होईना, ढळते, आणि गोळी भलतीकडे जाते.

"हा चांगला नाही. दुसरा बघू या," मी म्हणालो.

"उद्याच निघायचंय. एका मिनिटाचं काम आहे, लाव."

सकाळी सहापासून उभा होतो. एका पंपाचं बेअरिंग निघता निघत नव्हतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. चिमटा दाबला, पाय बसवले, पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मालकानं मलाही नेलं. तंबूपुढे टेबल मांडलं, खुर्चीत म्हातारे बसले. दहा गोळ्या झाडल्या. एकही डबा हलला नाही. वाळू उडायची ती डाव्या अंगाला. ते आणखी जोर लावून रायफल टेबलावर दाबायचे आणि गोळी आणखी लांब जायची. शेवटी त्यांनी चष्मा काढला, अंगातल्या लांब झग्याच्या बाहीला पुसला आणि हळूच म्हणाले, "आँख गई." मग मुलाचा हात धरून ते तंबूत गेले.

मी तिथंच उभा होतो.

घरी बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पलंगावर बसून सुजलेल्या पायांतले मोजे काढत होती. तिला सगळं सांगितलं.

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"दमलो होतो गं."

"अहो, दमतात सगळेच." ती रागावली नव्हती. "आमच्या वॉर्डात असं म्हणून भागेल का?"

ती झोपली. मला काही झोप येईना.

पुढच्या आठवड्यात काम सुटल्यावर बाजारात हिंडलो. शिकारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तीन बायपॉड निघाले. एकाचे पाय फार लांब, टेबलावर ठेवला तर नळी आभाळाकडे बघणार. दुसऱ्याची बिजागरी आतापासूनच खिळखिळी. तिसरा बुटका होता, पाय एकेक करून कमी-जास्त होत होते आणि मुख्य म्हणजे तो नळीला न धरता दस्त्याच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडाला धरायचा. तो घेतला.

सलवा भागातल्या मालकाच्या घरी व्हरांड्यात काम केलं. आधी मॅगझीन काढलं, आत गोळी राहिली नाही ना ते डोळ्यांनी आणि बोटानं पाहिलं. मग नळी दस्त्यापासून सोडवली. लाकडाला पुढच्या बाजूला खालून भोक पाडून पट्टा अडकवायच्या कडीचा स्क्रू बसवला; बायपॉड त्यालाच धरतो. त्याचं टोक वर नळीला टेकू नये म्हणून जास्तीचं कानशीनं घासलं. सगळं पुन्हा जोडून बायपॉड लावल्यावर नळी आणि लाकूड यांच्यातून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. कुठं अडली नाही.

म्हातारे जपमाळ ओढत शेजारी बसून बघत होते. मी हात पुसले आणि म्हणालो, "हाजी, उस दिन आपकी आँख की गलती नहीं थी. मेरी थी. मुझे मालूम था."

माळ थांबली. "मालूम था तो बोला क्यों नहीं?"

"थक गया था."

"जहाज पे कोई ऐसा चुप बैठता, तो हम सब डूबते," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग आतून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो मान खाली घालून प्यायलो.

शुक्रवारी पहिल्या दोन गोळ्या जरा खाली गेल्या. मी नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी थोडी खाली केली. तिसऱ्या गोळीला डबा उडाला. मग आणखी चार. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मॅगझीन रिकामं झाल्यावर त्यांनी मुलाला शांतपणे सांगितलं, "याला जेवायला वाढ." परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर झोपले, मागे मी झोपलो. मिरकाबला आमच्या इमारतीखाली मालकानं मला हलवून उठवलं.

त्या हिवाळ्यात म्हातारे तंबूवर आणखी तीनदा आले. पुढच्या हिवाळ्यात तंबू लागले तेव्हा ते नव्हते. मालकाला नेमबाजीची आवड कधीच नव्हती. एकदा सलव्याला पंप बघायला गेलो असताना कपाटात रायफल दिसली, पाय दुमडलेले.

"पाय काढून ठेवू का?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पंप बघ."