शनिवारचा आवाज

वाशीच्या घाऊक बाजारात माझा कांद्याचा गाळा आहे. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, आणि माझा कारकून दिवसभर कुजबुजतो. गोण्यांचा आकडा पाटीवर खडूने लिहून हमालांना दाखवतो. मे महिन्यातसुद्धा गळ्याला मफलर, हाताशी कोमट पाण्याचा थर्मास. दिवाळे गावचा गडी, एका बँडमध्ये हेवी मेटल, म्हणजे घसा फोडून म्हणायचं रॉक, गातो.

सुरुवातीला मी वैतागायचो. "अरे, तोंड उघड की!"

"शेट, आवाज शनवारी लागतो," तो हळूच म्हणायचा.

एका शनिवारी मी खांदेश्वरला त्याचा शो बघायला गेलो. शब्द एकही कळला नाही, पण तो आवाज जो छातीत घुसला, तो रविवारभर काही उतरला नाही.

त्याचा पहिला बँड त्यातल्या पोरांची लग्नं झाल्यावर मोडला, दुसरा भांडणात. परवा तिसऱ्याचा ड्रमर कॅनडाला गेला आणि तोही संपला. सोमवारी हा नेहमीच्या वेळेला हजर, मफलर गुंडाळून. तेवढ्यात आमचे दोन ट्रक एकदम लागले आणि हमाल भलत्याच गाळ्याकडे वळले.

"आता कसला शनिवार? मार हाक त्यांना!" मी म्हणालो.

त्याने शांतपणे थर्मासचं झाकण लावलं. "बँड गेला शेट, गला हाय ना. चौथा करतोय," असं कुजबुजून त्याने पाटी उचलली आणि तो हमालांच्या मागे धावत सुटला.

मग मीच बेंबीच्या देठापासून ओरडलो.